मुक्या गाडीचा आवाज

हॅलो?… कोण?… अगं तू होय. मग आधी ‘आई’ म्हण ना, नुसतं ‘हॅलो, हॅलो’ काय. मला वाटलं पुन्हा ती इन्शुरन्सवाली.

हो, मीच उचलणार. घरात दुसरं आहे कोण? प्लास्टरमधला पाय स्टुलावर आणि फोन मांडीवर, अशी बसलेय सकाळपासून.… दुखत नाही, खाजतो. विणायची सुई घालते आत.… बरं, डॉक्टरांना सांगू नकोस. फोन कशाला केलास ते बोल. गॅरेज उघडलंस ना वेळेवर?

कोण आलाय?… टायवाला? तो कंपनीचा? तो सोमवारी येणार होता ना?… हं. बारापर्यंत सही हवी म्हणतो. नाहीतर?… नाहीतर पलीकडच्या गल्लीत टकल्याला देणार विजेच्या स्कूटरचं सर्व्हिसिंग. देऊ दे की. टकल्याला अजून स्पार्क प्लग सापडत नाही. विजेची गाडी त्याला बरी पडेल, तिच्यात प्लगच नाही.

हसू नकोस, तो समोरच उभा असेल.

हो, हो… अगं ऐक ना. कंपनीला मी कुठे नावं ठेवतेय? तुझ्या सासऱ्यांनी जन्मभर त्याच कंपनीच्या गाड्या खोलल्या आणि मी शेजारी बसून पाने दिले. कंपनी चांगली आहे. पण आपल्याकडे लोक येतात कशासाठी, ते सांग. कालचंच बघ. दूधवाल्याने फोन गाडीजवळ धरला, मी इथे बसून सांगितलं, इंजिनातलं टॅपेट वाजतंय. तू उघडलंस. काय निघालं?… मग? चौथी शिकलेल्या बाईला अख्खा बाजार विचारतो तो या कानांमुळे. उद्या गाडीला आवाजच नसला तर मी ऐकायचं काय, तुम्हा दोघांची भांडणं?

काय दाखवतोय?… तक्ता? काय लिहिलंय त्यात?… पाच वर्षांत दहातल्या चार स्कूटर विजेच्या. बरं. त्याला विचार, तो स्वतः कशावर बसून आला.… विचार तर, मी आहे फोनवर.

… पेट्रोलच्या. हं. आणि ही विजेची?… टेम्पोत घालून आणली. म्हणजे पाच वर्षांचं भविष्य टेम्पोतून आलंय.

भांडत नाहीये मी, विचारतेय. शोरूममध्ये ही गाडी उभी कुठे असते?… तू गेली होतीस ना परवा, तूच सांग.… तेच. मागे, पाण्याच्या जारशेजारी. पुढे काचेत पेट्रोलवाली, तिला रिबीन. जुन्या कंपन्यांचं हे असं. विजेची काढली खरी, पण पेट्रोलवालीला वाईट वाटेल म्हणून विजेवालीबद्दल कुजबुजत बोलायचं. विकणाराच कुजबुजला तर घेणारा काय डोंबल घेणार?

तुझा नवरा काय म्हणतो?… कार्बोरेटर धुतोय? कितव्यांदा?… म्हणजे घाबरलाय. परीक्षेच्या दिवशीही असाच बूट पुसत बसायचा.

तू सांग ना तुझं. गॅरेज माझ्या नावावर असेल, हात तुझे काळे होतात.

… शिंपीण? तिचं काय?… हो, तिने त्या नव्या कंपनीची विजेची घेतली होती, ठाऊक आहे. नुसते दिवे आणि टीव्हीसारखा पडदा. सहा महिन्यांत पडदा काळा, आणि कंपनीला फोन लावावा तर नंबरच बंद. आता तिच्यावर कापडाचे गठ्ठे ठेवते बिचारी.… काय म्हणाली ती तुला?… परत बोल.… ‘तुम्ही दुरुस्त करणार असाल तर दुसरी घेते’? विजेचीच?… एवढं होऊनही? का गं?

… शिवलेल्या कपड्यांना पेट्रोलचा वास लागत नाही.

हं. हे मला सुचलं नसतं.

म्हणजे ती तक्ताही बघत नाही आणि कंपनीही बघत नाही. कोपऱ्यावर आपण आहोत की नाही, तेवढं बघते.… नको, हे त्याला सांगू नकोस, शेफारेल.

ऐक. त्याची गाडी आत घे. स्टँडवर चढव. फोन मागच्या चाकाजवळ धर आणि चालू कर.… धर म्हणते ना.

…

केलीस चालू?… अगं, काही ऐकू येत नाही. फोन नीट धर.… चालूच आहे? चाक फिरतंय?… मुकीच आहे की ही.

…

थांब. बोलू नकोस. टायवाल्यालाही गप्प कर.… वेग कमी कर. आणखी कमी.

…

कुर्र. ऐकलंस?… परत. फेऱ्याला एकदा, त्याच जागी. मोटर नव्हे ती, मोटर सलग गुणगुणते. हे ब्रेकचं लायनर चाकातल्या ड्रमला घासतंय. चाक तिरकं बसवलंय कोणीतरी.… काय म्हणतो? त्याच्या लॅपटॉपवर सगळं हिरवं आहे? असू दे हिरवं. लॅपटॉपने चाक ऐकलंय का?

मोठा पाना घे. नट ढिला कर, चाक सरळ कर, परत आवळ. त्याला काय विचारतेस… कर तू, मी थांबते.

…

झालं? फिरव.… हं. गेलं.

कोण आलं?… तुझा नवरा? कार्बोरेटर खाली ठेवून? बरं झालं. त्याला सांग, इतकी वर्षं इंजिन मध्येच बडबडत होतं, म्हणून चाकाचं म्हणणं कधी धड ऐकूच आलं नाही. आणि चाक, ब्रेक, बेअरिंग ही कंपनी आपल्या जन्माआधीपासून करतेय. ते काही ती पडद्यावर बघून शिकलेली नाही. शिंपिणीला तेवढं पुरे.

हो. कर सही माझ्या वतीने.… थांब, थांब, लगेच नको. आधी त्याला म्हणावं, ती जारशेजारची गाडी पुढे काचेत आण.… त्याच्या हातात नाही? मग ज्याच्या हातात आहे त्याला फोन लाव म्हणावं. बारा वाजायला वीस मिनिटं आहेत. घाई त्यालाच होती.

… लावतोय? लावू दे. तोवर तो फॉर्म वाच मला.… मालकाचं शिक्षण. चौथी. खोटं लिहू नकोस. खाली तुझा डिप्लोमा लिही, मोठ्या अक्षरात.… पुढे?… तपासणीची साधनं. कंपनी देणार तो लॅपटॉप एक, मीटर एक. अजून ओळ रिकामी आहे?

मग लिही. कान, दोन.

… हसू नकोस, लिही.… शोरूमवाले आणतो म्हणाले गाडी पुढे? आजच?… बरं. लिहिलंस का?… वाचून दाखव.

…

हं. आता कर सही. मी ठेवते, दूधवाल्याचा फोन येतोय.