खंडेनवमीला उजळलेला शेफिल्डचा चाकू

मी मूळ नागपूरचा, महालातला, इंजिनिअरिंगही तिथेच केलं, आणि इकडे कॅनडात, एडमंटनला आलो तो व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत. चाकूंचा नाद इथे लागला. काय सांगू तुम्हाला, एका गॅरेज सेलमध्ये माझी बायको शुभदा डिनर सेट बघत होती आणि मला खोक्यात घडीचा चाकू दिसला, शिंगाची मूठ, पात्याच्या मुळाशी इंग्लंडातल्या शेफिल्डचा शिक्का. घरी आणून व्हर्नियर लावला तर मुठीच्या दोन्ही बाजू हाताने घासलेल्या, तरी जाडीत केसाचा फरक नाही. झालं, तेव्हापासून उन्हाळ्यात दर शनिवारी गॅरेज सेल, बेसमेंटमध्ये चाकूंचं कपाट, आणि मुलगी म्हणायची, डॅड, यू हॅव इनफ नाइव्ज.

आमचा शेजारी ॲलन, पंचाहत्तरी ओलांडलेला, त्याचे वडील शेफिल्डलाच चाकू जोडायचे. तो सांगायचा, तिकडे पातं ठोकणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, आणि वडील भाड्याने घेतलेल्या कामाच्या बाकावर बसून सगळं जुळवायचे, मिटताना टक् असा आवाज आला नाही तर पुन्हा खोलून कानस मारायचे. त्यांनी स्वतःसाठी केलेला एक चाकू ते गेल्यापासून ॲलनच्या खिशात कायम असायचा. पातं काळसर निळं, कारण ते स्टेनलेस नव्हे, जुनं पोलाद, वडिलांनी जन्मभर त्याने सफरचंद कापून खाल्लं, त्या रसाचा तो रंग. चाकू जमवणारे त्या रंगाला धक्का लावत नाहीत.

दोन हजार नऊची, गेल्याच वर्षीची गोष्ट. ॲलनचं खुब्याचं ऑपरेशन निघालं. चाकू माझ्या हातात देऊन म्हणाला, हॉस्पिटलात हा नको, तुझ्याकडे राहू दे. मी सवयीने मोजून घेतला, कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कामाला गेलो. आई तेव्हा नागपूरहून आमच्याकडे आलेली, आणि नेमकी त्या दिवशी खंडेनवमी.

घरी येतो तर पाटावर माझे सगळे चाकू मांडलेले, हळदकुंकू, ग्रोसरीतली पिवळी फुलं, आणि मधोमध ॲलनचा चाकू, आरशासारखा लखलखीत. आई म्हणाली, काहून रे, एवढी हत्यारं जमवतो आणि एक घासत नाही? हा तर बाप्पा, किती काळा, चिंच लावून दोनदा घासला तेव्हा उजळला. शुभदा म्हणाली, माझ्याकडे बघू नका, मी आत्ताच आले.

मी हात जोडले, मग बेसमेंटमध्ये गेलो, वर आलो, पुन्हा खाली गेलो. व्हर्नियर लावला, जाडी होती तेवढीच, पण जाडीचं काय घेऊन बसायचं, तो रंग कशाने मोजणार? जेवण जाईना, गाडी चालवताना एक्झिट चुकायला लागले, शुभदा म्हणाली, अहो, एका जागी बसा ना, कार्पेट झिजेल. चाकू जमवणाऱ्यांच्या क्लबमधला एकजण म्हणाला, व्हिनेगरमध्ये बुडव, तासाभरात काळा होईल, म्हाताऱ्याला कळणारही नाही. मी बाटली काढली, झाकण उघडलं, आणि तसंच लावून ठेवलं, कारण तो रंग माझा झाला असता आणि मी तो त्याच्या वडिलांचा म्हणून परत दिला असता.

ॲलन घरी आला तसा चाकू दिला आणि सगळं सांगितलं. आईही आली होती, म्हणाली, चुकलं बाबा माझं, आणि मी ते त्याला इंग्रजीत सांगितलं. तो पातं खिडकीकडे धरून बघत राहिला. मग म्हणाला, तुझ्या आईने माझ्या बापाला आंघोळ घातली. तो हसला, आम्हाला कोणाला हसू येईना. मी विचारलं, पुन्हा काळा होईल ना? होईल की, तो म्हणाला, पण तो रंग माझ्या हातचा असेल, बापाच्या हातचा गेला तो गेला.

अजून येतो तो, वॉकर दाराशी लावतो, आमच्या टेबलावर सफरचंद कापतो, आणि मी आधी पातं बघतो, मग त्याचं तोंड. आई परत गेली, पण कॉलिंग कार्डावर फोन लावला की पहिलं हेच, झाला का रे काळा? मी म्हणतो, नाही, पण टोकाशी निळं दिसायला लागलंय. मग ती म्हणते, देव त्या माणसाला आयुष्य देवो, दात शाबूत ठेवो, तू सफरचंदं कमी पडू देऊ नकोस.