जपलेला हात

१९९४ साली माझे पती डायलिसिसला जात. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक न्हावी आणि त्याची बायको पाळीची वाट पाहत बसली होती. त्याचा डावा हात गळ्यातल्या झोळीत होता.

“अहो, सिस्टरना खांद्याचं सांगा.”

“नको. दुकान कायमचं बंद करा म्हणतील.”

“कंगवा कानापर्यंत जात नाही तुमचा. दुकान उघडून गिऱ्हाइकांशी काय नुसत्या गप्पा मारणार?”

“तू गप्प बस गं.”

“सिस्टर! यांचा खांदा रात्रभर ठणकतो. हात वर होत नाही.”

“डायलिसिसच्या सुया टोचतो तोच हात ना? आणि ही झोळी कुणी दिली?”

“मीच शिवली. तुम्हीच म्हणालात, या हाताला जपा.”

“अहो, या हाताने ओझं उचलू नका म्हटलं होतं. हात हलवूच नका, असं कोण म्हणालं?”

“म्हणजे हलवला तर चालतो?”

“हलवायलाच हवा, नाहीतर खांदा आखडतो. आज डॉक्टरांना दाखवू. रोज भिंतीवर बोटं हळूहळू वर चढवायला सांगतील.”

“मग... कंगवा धरता येईल?”

“कंगव्याचं कसलं आलंय ओझं?”

“ऐकलंत? आणि मी तान्ह्या बाळासारखी आंघोळ घालतेय यांना!”

“अगं हळू, लोक ऐकतात.”

त्या सिस्टर पुढे बदलून गेल्या. न्हाव्याचं दुकान त्यानंतर नऊ वर्षं चाललं, तो असेपर्यंत. झोळीची त्याच्या बायकोने कंगवे-कात्र्यांची पिशवी शिवली. ती पिशवी घेऊन तो आमच्या घरी येई. माझे पती गेले, त्या सकाळीही त्यांचे केस नीट कापलेले होते.