टिटव्यांच्या माळावरची शेवटची पावती

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील आमचे वरिष्ठ साहेब, माझे वनरक्षक बांधव, आणि मागच्या रांगेतून 'आटोपतं घ्या' अशी खूण करणारी माझी गृहलक्ष्मी,

आज मला निरोप देताना आपण माझं एवढं कौतुक केलंत की हा कोण थोर माणूस, असं मलाच वाटू लागलं. मी केलं काय? तळ्याकाठच्या राखीव माळावर उभा राहून जन्मभर एकच वाक्य बोललो, "कुत्र्याला साखळी लावा." आणि उत्तरही एकच ऐकलं, "अहो, आमचा काही करत नाही!"

टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. कुत्रा नुसता हुंगत फिरला तरी ती घाबरून उडते. किती जणांना समजावलं! पालथ्या घड्यावर पाणी. दंडाची पावती फाडायला घेतली की साहेबांचा फोन, "समज देऊन सोडा." रागावू नका साहेब, तुम्हालाही वरून फोन येत असणार.

यंदा माळावर एकच जोडी उरली होती. तिच्या घरट्यापाशी एक कुत्रा मोकळा सापडला. कुणाचा? माझ्या जावयाचा! शेजारी माझी लेक. हसत म्हणते, "बाबा, आपलाच आहे हो, खेळतोय." मी पावती फाडली. घरच्यांना सोडलं तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने अडवणार? "तुम्हाला पक्षी जवळचे, मी नाही," म्हणाली आणि निघून गेली. त्यानंतर ती माहेरी फिरकलीच नाही.

आणि त्या कुत्र्याने खरोखरच काही केलं नव्हतं हो. अंडी शाबूत होती. मी दिवसभर दुरून वाट बघितली. टिटव्या परत आल्या नाहीत. शेवटी जाऊन हात लावला, तर अंडी गार पडलेली. मी तिथेच रडलो, सांगायला लाज कसली?

माझ्या जागी आता कुणाला नेमणार नाहीत, असं ऐकतो. नेमून तरी तो काय राखणार?

आज सकाळी लेकीचा फोन आला. इतक्या दिवसांनी "बाबा" अशी हाक ऐकली आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना. म्हणाली, "आज जमणार नाही, पण रविवारी येतो आम्ही." मग जरा घुटमळली. "बाबा, आता तुम्ही रिटायर झालात, तर कुत्र्याला माळावर मोकळं सोडलं तर चालेल ना?"

मी म्हटलं, "सोड, बाळा. आता तिथे कोणी नाही."

आपण सारे वेळात वेळ काढून आलात, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल, तर म्हाताऱ्याची चूक पोटात घाला.