साखर न घातलेलं भांडण

...आणि वर मलाच म्हणतात, चिडू नका! कोण चिडलंय? मी शांत आहे हो! तुम्हाला सांगतो, सोमवारपासून एक कंपनी हे नवं पेय शाळाशाळांतून पोरांना वाटणार, बाटलीवर ठसठशीत अक्षरांत 'साखर न घातलेले', आणि आत काय? फळांचा आटवलेला रस! अहो, रस आटवला की उरतं काय? साखरच ना? 'न घातलेले' आणि 'नसलेले' यांत फरक आहे की नाही? उभा जन्म बातमीदारीत गेला माझा, शब्द चाखून बघितल्याशिवाय गिळत नाही मी!

म्हणून कंपनीच्या भर पत्रकार परिषदेत उठलो. बाही वर केली. दंडावर ती गोल चकती... मधुमेह आहे ना मला, ती रक्तातली साखर मोजते आणि आकडा थेट मोबाइलवर दाखवते. माझ्या, आणि बायकोच्याही! म्हटलं, "आणा ती बाटली! सगळ्यांसमोर पितो, आकडा चढला की शाळांचा करार रद्द करायचा!" कंपनीचा व्यवस्थापक हसला. त्या हसण्यात मात्र साखर घातलेली होती हं! म्हणतो, "साहेब, आधी बसा तरी. घाम फुटलाय तुम्हाला." मी शांत आहे हो!

बाटली हातात, मोबाइल टेबलावर, सगळे कॅमेरे त्याच्यावर. हा खोटा ठरला तर पोरं वाचली, मी ठरलो तर? आणि आकडा हलला. चढतोय, चढतोय, लाल झाला, भोंगा वाजायला लागला! मी ओरडलो, "बघा! घ्या पुरावा!"

व्यवस्थापक हळूच म्हणाला, "साहेब... झाकण अजून उघडलेलं नाही."

बघतो तर खरंच, सीलबंद! तेवढ्यात बायकोचा फोन, आणि घाईघाईत माझं बोट पडलं स्पीकरवर. "अहो, कुणाशी भांडताय? डॉक्टरांनी सांगितलंय ना, डोकं तापलं की साखर चढते!" "मी शांत आहे गं!" "आकडा दिसतोय मला!" अख्खं सभागृह खो खो हसतंय!

दुसऱ्या दिवशी बाकीच्या पेपरांत मथळा, 'पेय निर्दोष, पत्रकारच गोड'. मी नंतर प्यायलो की हो ती बाटली, आकडा आणखी चढला, पण बघायला होतं कोण? शिपाई खुर्च्या उचलत होता! पोरं सोमवारपासून पिणार, आणि घरी माझ्यावर फर्मान निघालंय... गोड खाणं बंद होतंच, आता तिखट बोलणंही बंद!