पॅकिंगखालचे आकडे

नाही नाही सर, बसा, उठू नका — गाडीला काही झालेलं नाही. उलट तेच सांगतोय, एक्सल बदलायची गरजच नाही तुमच्या गाडीला. मागून आवाज येतो म्हणालात ना, चाळीसगाव सोडलं की गूंऽऽ असा? तो बेरिंगचा. डाव्या चाकाचं बेरिंग गेलंय, एवढंच. अँबॅसिडर जुनी झाली म्हणून मागचं बठ्ठंच्या बठ्ठं धूड काढून फेकायचं असं थोडंच असतं! हे हौसिंग बघा — ज्याच्या पोटात एक्सल फिरतात ना, ते हे लोखंड — कुठं चीर नाही, बाक नाही, वेल्डिंग नाही. ठणठणीत. आणि तरी मी तुमच्याकडं एक मागणं मागणार आहे. हे हौसिंग मला द्या. दुसरं बसवून देतो, यासारखंच चांगलं, माझ्या हातानं. हो, माझ्याच. हसू नका सर, 'माझ्या हातानं' असं नऊ वर्षांत पहिल्यांदा म्हटलं मी.

जरा इकडं या. वाका, पँट सांभाळा, ऑईल आहे. मधला गोळा, डिफरन्शियल, काढला तेव्हा हे कागदी पॅकिंग खरवडलं मी. त्याच्याखाली काय दिसतं? चष्मा लावा. चार-चार-एक-सात. आणि बाजूला? सव्वीस, बारा. तारीख आहे ती. हे आकडे मी ठोकलेत. माझ्या उस्तादाची शिकवण — हौसिंग बसवलं की पॅकिंगच्या खाली गाडीचा नंबर आणि तारीख पंचानं ठोकायची, आणि कोणाला सांगायचं नाही. पार्टनरलाही नाही. मी म्हणायचो, उस्ताद, पार्टनरपासून काय लपवायचं? तर ते म्हणायचे, ठोक तू. मी आपला ठोकत आलो. सवय म्हणून. म्हणजे बघा, पितांबरपासून मीही एक गोष्ट लपवलीच की. बावीस वर्षांत एवढी एकच.

पितांबर कोण? बाहेर बोर्ड वाचला नाही का? त्याचंच नाव आहे. आधी दोघांची नावं होती, 'गिरधर-पितांबर'. धुळ्याच्या या गॅरेज लाईनीत कोणालाही विचारा, सख्खे भाऊ समजायचे लोक. आज तो जळगावला गेलाय, सामान आणायला, पाचपर्यंत येईल. — नाही, तुमच्या गाडीचा नंबर नाही हा, तेच तर सांगतोय! चव्वेचाळीस सतरा माझ्या दाजीची गाडी. माझी मोठी बहीण कमलअक्का, अमळनेरला दिलेली, तिचे मालक सुकदेवदाजी. त्यांची अशीच पांढरी अँबॅसिडर होती, लग्नाबिग्नाला भाड्यानं द्यायचे. मागचं हौसिंग वाकलं म्हणून माझ्याकडं आणली. मी हे बसवलं. शोधून आणलेलं, एक नंबर माल — बहिणीची गाडी, दुसरं कसं बसवीन? आणि त्याच दिवशी फागण्याला एका दोस्ताच्या मळ्यात भरीत पार्टी. डिसेंबरातली वांगी सर, काड्यांच्या जाळावर भाजलेली, वास सुटला की माणूस थांबतो का? चार वाजले होते, मी शेवटचे नट आवळत होतो, तर पितांबर म्हणतो, तू जा, मी ऑईल भरून ठेवतो, मागून येतोच. मग मी गेलो. तो रात्री आला, पंगत उठल्यावर. जेवला नाही. हात असे घासून घासून धुतलेले, लालभडक. मी त्याला चिडवलं पण, म्हटलं, काय रे, लगीन आहे का तुझं?

दुसऱ्या दिवशी दाजी गाडी घेऊन निघाले. पारोळ्याच्या अलीकडं मागचं डावं चाक एक्सलसकट बाहेर आलं. गाडी लिंबाच्या झाडाला धडकली. एकटेच होते, हे नशीब. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

आता मला सांगा, कोणाची चूक? कोणीही माझीच म्हणेल. मीही म्हटलं. हबच्या नटाला एक लॉकवायसर असतं, त्याचा कान वाकवावा लागतो, म्हणजे नट सुटत नाही. तो वाकवला की नाही हे मला आठवेना. खरंच आठवेना! रात्ररात्र डोळ्यासमोर आणायचो — नट दिसायचा, पान्हा दिसायचा, मग डायरेक्ट वांगीच दिसायची. घाईत विसरलो असेन. भरितासाठी, सर. दाजीचा पाय मी भरितासाठी घालवला, असं नऊ वर्षं समजतोय. तेव्हापासून भरीत तोंडात घातलेलं नाही. घरात केलं तर मी उठून ओट्यावर बसतो.

पितांबरला एकट्याला सांगितलं हे. लॉक विसरलो बहुतेक, म्हटलं. तो काय म्हणाला? खांद्यावर हात ठेवला, म्हणे, "जाऊ दे रे भो, मानूसनी चूक व्हस. कोणले सांगू नको." माफ केलं त्यानं मला! मोडकी गाडी क्रेननं उचलली, दोन दिवसांत भंगारात तोडून टाकली — का, तर मला पोलिसांचा त्रास नको म्हणून. मी त्याच्या पाया पडायचा बाकी होतो. बोर्डावरून माझं नाव मीच पुसलं, रॉकेलच्या फडक्यानं. तो नको नको म्हणत होता, शिडी मात्र त्यानंच धरली.

आणि मी आगाऊ, गेलो अक्काकडं, सगळं कबूल करायला. वाटलं, बहीण आहे, रडेल, मारेल, पण घेईल घरात. ती दारातून आत येऊ देईना. "मना मालकना पाय गया, आनि मना भाऊ बी गया. आजपाईन मना दारले येऊ नको." बस. नऊ वर्षं. नुसती बहीण नाही, लहानपणी मला पाठीवर घेऊन फिरवायची ती अक्का आहे माझी. आई गेली तेव्हा एका घरात तेरा दिवस होतो, माझ्याकडं बघितलं नाही तिनं.

मग हे हौसिंग तुमच्या गाडीत कसं? तुम्हीच सांगितलं की मघाशी! धरणगावच्या शेठच्या घरून घेतली गाडी, आणि डॅशबोर्डातून तो कागद काढून दिलात. अक्षर पितांबरचं आहे. 'मागील एक्सल पूर्ण बदलला.' तारीख सव्वीस डिसेंबर, वर्षही तेच. शेठच्या पोरीचं लग्न होतं, त्यांना गाडी दुसऱ्या दिवशी पाहिजेच होती, मला आठवतंय, दोनदा माणूस येऊन गेला. धुळ्यात त्या दिवशी चांगलं हौसिंग एकच होतं. ते दाजीच्या गाडीखाली मी नुकतंच लावलेलं. मी भरीत खात होतो आणि इथं याच खड्ड्यात तो बहिणीच्या गाडीखालून ते एक्सल-हबसकट उतरवत होता, आणि शेठचं चिरलेलं, वेल्डिंग मारलेलं तिच्या गाडीला चढवत होता. मनात असेल त्याच्या, आठ दिवसांनी गुपचूप बदलून टाकू. असेलच. तो राक्षस नाही सर. तेच तर मला सहन होत नाही, राक्षस असता तर बरं झालं असतं.

आणि हे बघा, लॉक. मघाशी एक्सल बाहेर ओढला तेव्हा बघितलं. तिकडचं, डावीकडचं, मधे कधीतरी बेरिंग बदलताना कोणीतरी उघडलंय, पण या उजव्या बाजूला कोणाचा हात लागलेला नाही. कान वाकलेला आहे. दोन्हीकडून दाबलेला, माझ्याच पद्धतीनं. मी विसरलो नव्हतो! नऊ वर्षं सर, प्रत्येक एक्सलला लॉक वाकवला की मी हाक मारतो, पितांबर, बघ रे भो, बरोबर आहे का? आणि तो येतो. वाकतो. बॅटरी मारून नीट बघतो. म्हणतो, बरोबर आहे. फसवलं हो! मला चोर ठरवला असता तरी चाललं असतं, याने मला माझ्याच हाताला भ्यायला लावलं.

थांबा, फोन वाजतोय. — कुंदावहिनी. पितांबरची बायको. परवा राखी ना, त्याच्यासाठी असेल, खापरावरचे मांडे करू का म्हणून दरवर्षी विचारते. अक्काची राखी बंद झाली तेव्हापासून हीच बांधते मला. पहिल्या वर्षी बांधताना इतकी रडली, इतकी रडली, गाठच बसेना. मला वाटलं, माझ्यासाठी रडते. — तिला माहीत होतं का हो, सर? तुम्हाला काय वाटतं? माणूस घरी जाऊन बायकोला नाही सांगणार?

नाही, मी नाही उचलत. माझ्या तोंडातून काय निघेल मलाच माहीत नाही. तुम्ही उचला. हे घ्या, हिरवं दाबा. सांगा, गिरधर नाही. अमळनेरला गेलाय, बहिणीकडं, तिच्या गाडीचा नंबर दाखवायला. अक्का दार उघडो न उघडो, ओट्यावर ठेवून येईन मी हे हौसिंग. — हां, एवढं सांगा. आणि राखीला ताट करू नको म्हणावं.

बोला ना सर. हॅलो म्हणताहेत त्या.