कुत्रं चावलं म्हणून सांगितलं

माझं माहेर बिलोलीकडचं, दिलं रेणापूरच्या बाजूला. बोलण्यात एखादा तेलुगू शब्द आला की सासरचे हसायचे, मग दुष्काळ पडला आन् हसायचा जोर कुणातच राहिला न्हाई. लातूर तवा नवंनवं जिल्हा झालेलं. आमचे मालक हैदराबादला बांधकामावर गेलेले, मी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायचे. माझी संगी चार वर्षांची.

लेकरं लिंबाखाली ठेवायची, एक म्हातारी राखायची. संगी लई तापट. मनासारखं झालं न्हाई की जमिनीवर अंग टाकायची, टाचा घासायची, जवळ जाईल त्याला चावायची. मी मारलं, कोंडलं, दृष्ट काढली, काय सांगू तुम्हाला, काही फरक न्हाई. एक दिवस तिनं एका पोराचा गाल फोडला. बाया म्हणाल्या, उद्या हिला आणलंस तर तूही येऊ नको. माझी जाऊ म्हणाली, अगं तू एकदा तिला चाव, कसं लागतं ते कळू दे, मी माझ्या थोरल्याला असंच सुधारलं.

दुपारी संगीनं परत एका पोरीला धरलं. मी तिला खडीच्या ढिगाआड ओढत नेलं आन् मनगटाला चावले. हळूच चावायचं ठरवलं होतं, खरं सांगते. पण सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब न्हाई, डोक्यात राग, दात कधी रुतले कळलंच न्हाई. तोंडात खारट लागलं तवा सोडलं. संगी रडली न्हाई. नुसती माझ्याकडं बघत राहिली.

मुकादमानं रक्त बघितलं, काय झालं म्हणाला. माझ्या तोंडून निघालं, कुत्रं चावलं.

मुकादम माणूस चांगला. त्याच्या गावात पिसाळलेल्या कुत्र्यानं एक पोरगं गेलेलं. रिकामा टँकर लातूरला निघाला होता, त्यात आम्हाला बळंच बसवलं, हजेरी कापणार न्हाई म्हणाला.

दवाखान्यात डॉक्टर विचारत गेले, कुत्रं पिसाळलेलं होतं का, मी म्हणाले हाव. कुठं गेलं, पळालं. ते म्हणाले चौदा सुया, रोज एक, बेंबीभोवती. तवा तसंच असायचं. संगी म्हणाली, कुत्रं न्हाई, आई चावली. कंपाउंडर हसला, लई रागावलीस गं आईवर, म्हणाला. मीही हसले. हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई, मी हसले. सिस्टरनं तिचे पाय दाबून धरले, सुई पोटात गेली. हात लावला तरी चावणारी माझी पोरगी, त्या दिवशी कुणालाच चावली न्हाई.

दुसऱ्या दिवशी आमचा नंबर आला, तर संगीनं आपणच झगा वर केला आन् पोट पुढं केलं. मी म्हणाले, सिस्टर, थांबा, काल पोरगी खरं बोलली, दात माझे हायत.

सिस्टरनं सुई ट्रेमध्ये ठेवली. संगीचा हात उजेडाला धरला, खूण बघितली, मग माझ्या तोंडाकडं बघितलं. डॉक्टर ओरडले, लोक ह्या औषधासाठी कुठून कुठून येऊन राहिलेत आन् तू बाई असली. सिस्टर ओरडली न्हाई. बाकावर बसवून तिनं दाखवलं, अंग टाकलं की खाली बस, तिची पाठ तुझ्या छातीला लाव, दोन्ही हात धर, बोलू नको, रडून होऊ दे.

मग मी खडीतच तिला तशी धरून बसायचे. बाया म्हणायच्या, बसली महाराणी. मुकादमाला खरं सांगितलं, तो महिनाभर माझ्याशी बोलला न्हाई. संगी काही लगेच सुधारली न्हाई. पाऊस पडेपर्यंत चाललं.

आता ती लातूरला असते. मागच्या संक्रांतीला जेवताना तिच्या पोरानं ताट उडवलं. तिनं त्याला पाठीकडून धरलं, न बोलता. तो निवला, मग तिच्या मनगटाला बोट लावून म्हणाला, आई, हे काय गं? संगी म्हणाली, लहान होते तवा कुत्रं चावलं होतं.

मी सांगितलेलंच तिला खरं वाटतं, का खरं आठवूनही ती मला झाकते, विचारायचा धीर होत न्हाई. आई, भाकर घे, म्हणाली. सुखी राहो लेकरू माझं.

तुम्ही लिहून घ्या सगळं. संगीला वाचता येतं.