चार थेंब

हॅलो?… हां रुक्मी, ताईच बोलतेय. गालिहच्या रक्ताचा कागद पाठवलास?… नाही? अगं, चार थेंब मागितले होते! बोट टोचायचं, कागदावर टिपायचं, वाळवायचं. पोटच्या सात वर्षांच्या पोराचं बोट धरता येईना तुला?

रडत होता?… वा! टॉर्च घेऊन गल्लीभर लोकांच्या हौदात डासांच्या अळ्या शोधतेस, आणि घरात हे!

थांब, मधे बोलू नकोस. तुझ्या शेजारच्या सस्त्रोकाकांचा कागद आलाय माझ्या प्रयोगशाळेत. डेंग्यूच. पण गेल्या वर्षी गालिहला झाला त्या घराण्यातला नव्हे. त्यातही विषाणूच्या जनुकांतली अकरा अक्षरं बदललेली! अख्ख्या सुराबाया शहरात कुणी पाहिला नसेल असा. आणखी एका माणसात सापडला की नवा प्रकार सिद्धच झाला… हो, हो, गालिहबद्दलच बोलतेय ना मी!

ताप उतरला? कधी?… सकाळी? मग संपलंच. ताप उतरला की विषाणूही रक्तातून पसार. तीन दिवस नुसती बसून होतीस!

पिवळा भात? पोर बरं झालं म्हणून शेजाऱ्यांना वाटणार? वाट, वाट. पेरूच्या रसानं ताप गेला म्हणत असतील सासूबाई.

हे बघ, थोडा उरला असेल अजून. आत्ता टोच… झोपलाय? बरंच की, रडणार नाही… ते नंतर सांग गं! आधी टोच. मी थांबते.

…

टोचलंस?… येत नाही? दाब. मुळाकडून दाब… दुसरं बोट घे, वेंधळे!

गार?… काय गार?… पायसुद्धा? पोट कधीपासून दुखतंय? दुपारपासून? आणि आत्ता सांगतेस?

…तीनदा सांगितलंस?

रुक्मी, ऐक. ताप उतरतो तोच दिवस घाताचा. रक्तातले गेल्या वर्षीचे पहारेकरी या नव्या विषाणूला ओळखत नाहीत, उलट हात धरून आत… ते मरू दे. दवाखान्यात ने. कुणाचीही मोटारसायकल घे. भात राहू दे!

काय करतेयस?… तिसरं बोट?… मी रागावले म्हणून? फेक तो कागद! उचल त्याला! उचललंस?

…एक थेंब आला?

…नाही गं. नाही रागावले. खूश आहे. आता जा… उरलेले तीन नकोत मला, रुक्मी!

ठेवते मी. मी ठेवल्याशिवाय तू हलायची नाहीस.